रोज एकाला धीर

२५ नोव्हेंबर

शिक्षा मिळाली. या वयात!

नाताळाच्या उपासाचा पहिला दिवस म्हणून चर्चमध्ये कबुलीला गेले. समोर आमचे पाद्री, अबूना सराबामून. चौथीत माझे विद्यार्थी होते तेव्हा त्यांचं नाव नबील, आणि नाईल नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते असं छातीठोकपणे सांगायचे. आता दाढी छातीपर्यंत आली आहे आणि मी त्यांच्यापुढे मान खाली घालून बसते. देवाची करणी.

सांगितलं नेहमीचंच. जीभ. वरच्या मजल्यावरच्या अँजेलला म्हटलं होतं, तुझा फादी कॅनडातून फोन करत नाही कारण तू फोनवर नुसती रडतेस, त्यानं किती रडणं ऐकायचं? इलेक्ट्रिशियन लबीबला म्हटलं होतं, तू दुरुस्त केलेल्या पंख्यापेक्षा बिघडलेला बरा होता. खोटं काय आहे यात? अबूना डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "अब्ला," – म्हणजे बाई, शाळेतली हाक अजून सुटली नाही – "तुम्ही समोरून येताना दिसलात की लोक रस्ता ओलांडतात. मीही एकदा ओलांडलाय."

मी म्हटलं, लोटांगणं द्या. गुडघे गेले तरी घालीन. स्तोत्रं द्या, पाठ करीन. तर नाही! प्रायश्चित्त काय, तर आमच्या सात जानेवारीच्या नाताळपर्यंत रोज एका माणसाला धीर द्यायचा. ऐकून त्याला जरा उभारी येईल असं एक तरी वाक्य बोलायचं. "ख्रिस्ताचं माणूस म्हणवतो ना आपण," म्हणाले, "मग शेजाऱ्याला ते कळायला नको?" आणि उठता उठता वर हेही – "खोटं बोलायचं नाही हं, अब्ला."

खोटं न बोलता धीर! म्हणजे पाणी न घालता कणीक मळायची.

२६ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या बदवी कोशरीवाल्यापासून सुरुवात. डाळभातावर तळलेला कांदा घालून विकतो. मुसलमान आहे, पण अबूनांनी "माणूस" म्हटलं होतं, "आपला माणूस" नव्हे. शिवाय गरीब स्वभावाचा. पचेल त्याला, असं वाटलं.

म्हटलं, "बदवी, आज तुझा कांदा कालच्यापेक्षा कमी करपलाय."

त्याचा डाव हवेतच राहिला. "काल करपला होता?"

गाड्यापाशी उभे असलेले सगळे आपापल्या वाडग्यात बघायला लागले. एकानं तर वाडगा ठेवला आणि गेला. बदवी म्हणाला, "अब्ला, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

धरायचं का हे? धरलं.

२८ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आधी एक गोष्ट. डॉक्टरनं मला साखर बंद केली आहे. हे फक्त या पानाला माहीत. बिल्डिंगला कळलं की संपलं – एक मेथीचं पाणी घेऊन येईल, दुसरी उंटिणीचं दूध, तिसरी कुठल्याशा मठातलं तेल. आणि सगळ्या जणी "अरेरे" म्हणतील. मला "अरेरे" सोसत नाही. उपास आहे म्हणून गोड सोडलंय, असं म्हणायची सोय आहे तोवर बरं. पण कॉफी? आमच्या अख्ख्या शुब्रा वस्तीला ठाऊक आहे की इन्साफ अब्लाच्या कॉफीत चमचा उभा राहतो.

तर आज धीर द्यायला अँजेलकडे गेले. तिच्या घराची पायरी मी कधी चढत नाही. तिनं दार उघडलं आणि जरा दचकलीच. बसवलं. कॉफीचा रकवा हातात घेऊन विचारलं, "नेहमीसारखी ना? भरपूर गोड?"

मी म्हटलं, "नको. बिनसाखरेची."

तिचा हात थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशीर झाला होता. बिनसाखरेची कॉफी आमच्याकडे मयताच्या घरी देतात. आणि मी, गोड कॉफीसाठी बदनाम असलेली बाई, न बोलावता तिच्या घरी जाऊन ती मागत होते.

"कोण गेलं?" अँजेलनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "मी तुला धीर द्यायला आलेय."

बस्स. रकवा खाली, अँजेल त्याच्या शेजारी. "फादी! माझा फादी!" मी ओरडून सांगतेय, तुझ्या फादीला काही झालेलं नाही, तर ती म्हणतेय, "झालं नाही तर तू कशाला आलीस?"

संध्याकाळपर्यंत काळ्या कपड्यांतल्या बायका जिना भरून. तळमजल्यावरून खुर्च्या वर आल्या. कुणीतरी खरोखरच बिनसाखरेची कॉफी केली आणि मलाही दिली – निदान माझी सोय झाली. फादीचा फोन कुणालाच लागेना, त्यामुळे खात्री पटत गेली. शेवटी त्याचाच आला. त्याला कुणीतरी मेसेज पाठवला होता की आईला सांभाळ. फोन कानाला लावून सगळ्या एकदम रडायला लागल्या. तो विचारतोय, "कोण गेलं? सांगा तरी!" आणि त्याची मावशी हुंदके देत म्हणाली, "तूच रे, तू!"

मग मायलेक बोलत बसले. जिन्यात शेवटची बाई जाईपर्यंत बोलतच होते. अँजेल रडली नाही, हसत होती. मी हळूच खाली आले.

३० नोव्हेंबर

रविवार. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. ऐसपैस बसले.

आज रोट्या पुन्हा वाकड्या. अबूनांना वेदीसाठी एक निर्दोष रोटी निवडायची असते – क्रूस मधोमध, भोकं नीट, कुठे चीर नाही. ताटातली एकेक उलटी सुलटी करून बघत होते, जशा मी यांच्या वह्या बघायचे, कुठे तरी एक गणित बरोबर असेल या आशेनं. शेवटी एक घेतली, पण चेहरा सांगत होता.

रोट्या रिझ्कल्लाह करतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतो. चर्चमागच्या भट्टीच्या खोलीला आम्ही बेथलेहेम म्हणतो, तिथे त्याचा जन्म गेला. पीठ मळताना स्तोत्रं म्हणायची, बाकी तोंड उघडायचं नाही, असा माणूस. मागच्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात त्याची बायको मार्सेल गेली, आणि तेव्हापासून त्याचा हात चळलाय. अलेक्झांड्रियात मुलगा आहे, त्यानं खोली रिकामी करून ठेवली आहे. नाताळ झाला की आठ तारखेच्या सकाळच्या गाडीनं हा कायमचा जाणार. मग मोठ्या चर्चमधल्या यंत्राच्या रोट्या येतील. सगळे क्रूस सारखे.

जाईना का. माझं काय जातं?

मार्सेल होती तेव्हा निदान भांडायला कोणी होतं. एवढ्या सगळ्या शुब्रात तीच एक मला उलट बोलायची.

२ डिसेंबर

दुपारी पावासाठी खिडकीतून दोरीनं टोपली खाली सोडली. तळमजल्याच्या खिडकीतून हात आला आणि टोपलीत काकडी टाकली. वर आवाज – "अब्ला, आज आवाज अगदी खणखणीत आहे तुमचा."

रिझ्कल्लाह! मी नुकतीच पाववाल्यावर ओरडले होते. टोमणा मारतोय की काय? हा माणूस तर कुणाशी धड बोलत नाही.

काकडी चांगली होती. खाल्ली.

४ डिसेंबर

लबीबकडे गेले. त्याला काय चांगलं सांगता येईल याचा सकाळपासून विचार करत होते. सापडलंही एक – शिडीवर चढतो छान.

दुकानाच्या दारात पाय ठेवला तर लबीब उभाच राहिला. हातातली वायर गळून पडली. "मी की वगदी?" त्यानं विचारलं. वगदी त्याचा भाऊ. एका शिडीवरून दोघांचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली – ती शिडी बापाची, आणि लबीब ती देत नाही.

"मी की वगदी म्हणजे काय?" मी म्हटलं.

"अब्ला, अँजेलबाईंकडे गेलात तेव्हा काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. स्पष्ट सांगा. मला ऐकवेल."

"मी फक्त सांगायला आले की तू शिडीवर छान चढतोस."

तो पांढराफटक. शिडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "शिडीवरून जाणार मी," म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

मी घरी आले. खिडकीतून दिसलं – लबीब भर रस्त्यानं शिडी खांद्यावर घेऊन वगदीच्या घराकडे चाललाय, आणि रडतोय.

६ डिसेंबर

काकडी. "अब्ला, तुमची दोरी अगदी सरळ खाली येते."

दोरी वाकडी कशी येणार? याच्या डोक्यात काही तरी बिघडलंय. एकटा राहून असं होतं म्हणतात.

९ डिसेंबर

मी रस्त्यातून गेले की माणसं औषधं घेतात! थट्टा नाही. औषधवाला सांगत होता, तुम्ही इकडून गेलात की रक्तदाबाच्या गोळ्या खपतात, अब्ला, रोज या. बदवीनं नवी कढई आणली आणि नमाज एकही चुकवत नाही म्हणे. आज एका बाईनं मला बघून जागेवरच आईला फोन लावला आणि माफी मागितली. माझ्याकडे बघत बघत मागितली.

अबूनांनी बोलावून घेतलं. कबुलीची रांग फाटकाबाहेर गेली आहे. "बारा वर्षं मी घसा फोडून सांगतोय," म्हणाले, "तेव्हा कुणी हललं नाही. अब्ला, तुम्ही नक्की काय करताय?"

"धीर देतेय."

"जरा कमी द्या."

मग हसू आवरून गंभीर झाले. म्हणाले, रिझ्कल्लाहकडे जा. सगळ्यांनी समजावून झालं. रोटी छान होतेय म्हणून सांगितलं, हात अजून पक्का आहे म्हणून सांगितलं. ऐकून घेतो, मान हलवतो आणि बोचकी बांधतो. तो गेला तर त्याचंही बरं होणार नाही आणि आपलंही.

"मी गेले तर तो मरेल भीतीनं," मी म्हटलं.

"तो तुम्हाला भीत नाही," अबूना म्हणाले. हे कशावरून, ते सांगितलं नाही.

११ डिसेंबर

गेले रिझ्कल्लाहकडे. खरंच घाबरला नाही. खुर्ची पुसून दिली. न विचारता कॉफी आणली – बिनसाखरेची. वर्ष झालं नाही ना अजून, मयताचंच घर ते. प्यायले.

कपाटातून त्यानं तीन कप काढले होते. मग एक परत ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं. मार्सेलचा कप मला चांगला माहीत आहे, कान तुटका आहे त्याचा. मीच तोडला होता, वाद घालताना.

काय बोलणार? छान होतेय म्हणणं खोटं. म्हटलं, "क्रूस वाकडा येतोय तुमचा. पण वाकडा आला तरी क्रूसच आहे तो."

"सगळे म्हणतात, छान येतोय," तो म्हणाला.

"सगळ्यांना डोळे नसतील."

त्यानं नुसती मान हलवली. भिंतीपाशी दोन बोचकी बांधून तयार. उठले तर म्हणतो, "अब्ला, तुम्ही बसलात, खुर्चीला बरं वाटलं."

खुर्चीला! बिचारा. जिना चढताना मला उगाच वाईट वाटत राहिलं. धीर मी द्यायला गेले होते. कुणाला काय मिळालं कोण जाणे.

१५ डिसेंबर

काकडी. "तुमच्या पावलांचा जिन्यात आवाज आला की बिल्डिंग जागी आहे असं वाटतं." ती पावलं नव्हेत, गुडघे वाजतात माझे.

२१ डिसेंबर

आज चर्चमध्ये जे झालं त्याला चमत्कार म्हणावं की काय म्हणावं!

नाताळाआधीच्या कियाहक महिन्यातला रविवार, गर्दी मुंगी शिरणार नाही अशी. गर्दीमुळे रिझ्कल्लाहनं दोनदा पीठ मळलं. पहिल्यातली रोटी वेदीवर गेली, ती व्यवस्थित. मिस्सा-प्रार्थना संपल्यावर दारात सगळ्यांना प्रसादाची रोटी वाटतात ती दुसऱ्या पिठातली. उपाशीपोटी पहिला घास. मी तोंडात टाकला –

खारट! पवित्र रोटीत मीठ नसतं. पीठ, पाणी, आंबवण, बस्स. अडाणी पोरालाही माहीत आहे. आणि यात मीठ चिमूटभर नव्हे, मूठभर. लोणच्यातून काढल्यासारखी रोटी.

आजूबाजूला बघितलं. सगळं चर्च चावतंय. डोळ्यांत पाणी. रिझ्कल्लाह दारापाशी टोपली घेऊन उभा, आणि एकेक माणूस त्याच्यासमोरून जाताना म्हणतोय, "वा, रिझ्कल्लाह काका, आज फार गोड झालीय हं." लबीब म्हणाला, तोंडात विरघळली. वगदी म्हणाला, मला अजून एक द्या. देवा! आणि घेतली, आणि खाल्ली. अँजेलनं तर डोळे पुसत सांगितलं की अशी रोटी मी जन्मात खाल्ली नाही – ही एकटीच खरं बोलली. एक पोरगं "पाणी" म्हणून ओरडलं तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. अंगणातल्या नळाला ही रांग.

मला त्या क्षणी सगळ्यांवर प्रेम वाटलं आणि सगळ्यांना बडवावंसंही वाटलं. एवढी माणसं मिळून एका माणसाला धीर देत होती. आणि तो माणूस दगडासारखा उभा. आभार मानत होता. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं. त्यानं स्वतः चव घेतली होती. त्याला सगळं माहीत होतं.

मी मागच्या दारानं निघून आले. काही बोलले नाही. मी!

२२ डिसेंबर

झोप लागली नाही. सकाळी उठले ती थेट खाली.

दारातच म्हटलं, "रिझ्कल्लाह, कालची रोटी खारट होती."

त्यानं अर्धं उघडलेलं दार पूर्ण उघडलं.

"खारट म्हणजे कशी? तर माझ्या आयुष्यात मी समुद्राचं पाणीही इतकं खारट चाखलेलं नाही. लबीबची जीभ सुजली असेल. घरी येऊन मी तांब्याभर पाणी प्यायले. तुम्ही चर्चला मीठ खाऊ घातलंत."

त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. झालं, म्हटलं. मारलं मी याला. अबूनांना काय सांगू आता?

आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून. बोचक्यावर बसला आणि डोळे पुसत हसत राहिला. म्हणाला, "वगदीनं दुसरी मागून घेतली, अब्ला!"

"बघितलं मी."

"त्याचं तोंड बघितलंत?"

मग मीही हसले. जिन्यातून अँजेल डोकावली. तिला वाटलं, आम्ही रडतोय. धावत काळा रुमाल घेऊन आली.

ती गेल्यावर तो म्हणाला, "मार्सेल गेल्यापासून सगळे मला छान छान म्हणतात. रोटी छान, तब्येत छान. कपाळावर हात फिरवल्यासारखं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात, अब्ला. मला वाटायला लागलं होतं, मी गेलोय आणि मला कुणी सांगितलेलं नाही. मार्सेल असती तर ती रोटी तिनं मला फेकून मारली असती."

"मीठ आलं कुठून?"

"तिच्या मिठाच्या डब्यातून. आठवण म्हणून आंबवणाच्या शेजारी ठेवलाय. मला वाटलं..." आणि बोचक्याची गाठ घट्ट करायला लागला.

कॉफी आणली. पुन्हा बिनसाखरेची. म्हटलं, मयताचं घर किती दिवस चालवणार? तर म्हणाला, "ती मयताची नाही. साखर झालीय तुम्हाला, म्हणून."

मी चाट! त्याला कसं कळलं? म्हणाला, मिठाईवाल्यासमोरून तुम्ही मान वळवून जाता तेव्हाच ओळखलं. मार्सेल पंधरा वर्षं तशीच जात होती. तिलाही साखर होती, तिनंही याला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही, तिच्या मैत्रिणीला! "रोज दुपारी मी तिला काकडी सोलून द्यायचो," म्हणाला. "सोलून देणं फक्त तिचं. तुम्हाला म्हणून सालासकट देतो. राग नाही ना?"

मी म्हटलं, काकडीचा कसला राग.

"अरेरे" म्हणाला नाही तो. एकदाही नाही.

२३ डिसेंबर

आज कुणाला धीर दिला नाही. जमलंच नाही. उगाच हसू येत होतं.

२९ डिसेंबर

अँजेल सांगत होती, रिझ्कल्लाहनं गॅसची शेगडी देऊन टाकली. म्हणजे जातोय. मला वाटलं होतं, त्या दिवशीच्या हसण्यानं काही तरी बदललं.

अबूना विचारतात, बोललात का? काय बोलू? "थांबा" म्हणणं हा धीर नव्हे. मुलगा बोलावतोय, तिथे खोली आहे, नातवंडं आहेत. त्याचं भलं तिकडेच असेल. मग "थांबा" म्हणायचं ते कुणासाठी?

तो गेलेला मला नको आहे. लिहिलं. खोडणार नाही.

टोपलीत काकडी येते आहे. सालासकट.

४ जानेवारी

रोट्या! अबूनांनी ताट पुढे ओढलं, वरची पहिलीच उचलली, दुसऱ्या कुठल्या रोटीकडे बघितलंही नाही. क्रूस असा मधोमध की पट्टीनं मोजावा. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. हात परत आलाय त्याचा.

आणि दारात त्याचा मुलगा उभा. तिकीट काढून आलाय. म्हणजे हात परत आला तो आमचा निरोप घ्यायला.

"अब्ला, आज सरळ आला ना?" रिझ्कल्लाहनं दारात विचारलं.

"आला," म्हटलं. "मीठ जरा कमी पडलं."

हसला. मी भरभर घरी आले, कुणाला तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

७ जानेवारी

नाताळ. उपास सुटला. अबूना घरोघर भेटीला निघाले होते, माझ्याकडे आले. मांस, भात आणि पावाचा फत्ता खाल्ला, दोनदा वाढून घेतला आणि जीभ सैल झाली त्यांची. म्हणाले, "अब्ला, तुमचं प्रायश्चित्त पूर्ण झालं. रिझ्कल्लाहचंही."

"त्याचं कसलं?"

चेहरा असा झाला, जसा नाईल नदी चुकली हे कळल्यावर व्हायचा. पण आता बोलून बसले होते. कबुलीतलं सांगत नाही, म्हणाले, प्रायश्चित्त मीच दिलेलं, आणि तो स्वतःच चारचौघांत सांगत सुटलाय. तर त्यालाही तेच दिलं होतं! मार्सेल गेल्यावर त्यानं बोलणंच सोडलं, म्हणून – रोज एका माणसाला एक चांगला शब्द. आणि तो म्हणाला होता, रोज नवीन माणूस कुठून आणू, एकच धरतो. इन्साफ अब्लांना धरतो, त्यांना कुणी चांगलं म्हणत नाही.

मी उठून भांडी घासायला लागले. पाहुणा बसलेला असताना.

म्हणजे खणखणीत आवाज, सरळ दोरी, खुर्चीला बरं वाटलं – सगळं प्रायश्चित्त! मी त्याचं लोटांगण होते. लोक गुडघे टेकतात, त्यानं माझ्या टोपलीत काकडी टाकली. फसवलं मला. आणि मी तरी काय केलं? त्याच्याकडे गेले ती अबूनांनी पाठवलं म्हणून. शिक्षा भोगणारी दोन माणसं एकमेकांना रोज धीर देत होती आणि दोघांनाही वाटत होतं, समोरचा वेडा आहे.

पण खारट रोटीचं सांगायला गेले होते ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तेवढं एक माझं.

संध्याकाळी तो निरोप घ्यायला वर आला. मुलगा मागे उभा. जिन्यातले सगळे बघत होते. त्यानं काही तरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "आजचं बोलून झालंय ना? मग राहू द्या." त्याला कळलं. मान खाली घातली त्यानं.

मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "गाडीत खिडकीशी बसू नका. वारा लागेल."

हा माझा निरोप! जिभेला हाड नाही म्हणतात, आणि नेमकं आज तिला हाड फुटलं.

८ जानेवारी

उपास संपला, प्रायश्चित्त संपलं. आता कुणी कुणाला चांगलं म्हणायचं बंधन नाही.

सकाळची गाडी सकाळीच गेली. मुलगा एकटाच बॅग घेऊन रिक्षात बसला असं अँजेल म्हणते, पण तिनं फादीलाही मारलं होतं, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुपारी टोपली सोडली. सवय. खालून कुणी काही बोललं नाही. वर ओढली.

काकडी. सोललेली.